गच्चीवरच्या कोंबड्या, मीलवर्म आणि सोलापूरचा उन्हाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात घर, गच्चीवर जाळीच्या खुराड्यात कावेरी जातीच्या बारा कोंबड्या. लेअरच्या, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्याचं पोतं परवडेना, म्हणून गच्चीवरच्याच पत्र्याच्या शेडमध्ये मीलवर्म (धान्य-पिठात वाढणाऱ्या एका भुंग्याच्या अळ्या) कोंबड्यांना घालायला पाळायचे आणि खाद्याचा खर्च निम्म्यावर आणायचा. आईंचा मात्र विरोध आहे, किडे घरातल्या धान्याला लागतील म्हणून.

दादा, अळ्या पाळता येतील. खाद्य निम्म्यावर येणार नाही. आणि पत्र्याच्या शेडचा विचार आत्ताच सोडा, तिथं एप्रिल संपायच्या आत अळ्यांचा टब ओस पडेल. आता एकेक करून सांगते.

आधी हिशोब, कारण व्हिडिओवाले तो करून दाखवत नाहीत. अंडी देणारी कोंबडी दिवसाला १०० ते ११० ग्रॅम खाद्य खाते. त्यात १६-१७ टक्के प्रोटीन धरलं तर तिच्या पोटात रोज १७-१८ ग्रॅम प्रोटीन जातं. पूर्ण वाढलेला एक मीलवर्म भरतो साधारण ०.१ ग्रॅम. त्यातला साठ टक्क्यांच्या वर भाग पाणी. ताज्या अळीत प्रोटीन १८ ते २० टक्के. म्हणजे कोंबडीला दहा अळ्या टाकल्या की तिला मिळालं ०.२ ग्रॅम प्रोटीन, रोजच्या गरजेचा जेमतेम एक टक्का. दहा अळ्यांसाठी ती तुमच्या पायात पायात करेल, पण पोत्यातलं एक मूठही खाद्य वाचणार नाही.

आता गरजेतला निदान दहावा हिस्सा अळ्यांतून द्यायचा म्हटलं तर एका कोंबडीला रोज नव्वदेक अळ्या लागतात. बारा कोंबड्यांना हजाराच्या वर. महिन्याला सव्वातीन किलो जिवंत अळ्या. एक किलो अळी तयार व्हायला चांगल्या निगराणीत दोन-सव्वादोन किलो कोरडा खुराक जातो, घरगुती कारभारात तीन किलोही जातो. म्हणजे महिन्याला सात ते दहा किलो कोंडा, वर गाजर-बटाटा वेगळा. गव्हाच्या कोंड्यात १४ ते १६ टक्के प्रोटीन असतंच. सात किलो कोंड्यातून तुम्ही किलोभर प्रोटीन आत घातलं आणि अळ्यांच्या रूपानं सहाशे-सव्वासहाशे ग्रॅम बाहेर काढलं. हा व्यवहार वजनात तोट्याचाच आहे. फायदा आहे तो दर्जात. कोंड्यातला चोथा कोंबडीला फारसा पचत नाही. अळीतलं प्रोटीन पचतं, त्यात लायसिन हा प्रोटीनमधला गरजेचा घटकही बऱ्यापैकी असतो. म्हणून मीलवर्मकडे वरचा पौष्टिक खुराक म्हणून बघा, रोजचं खाद्य म्हणून नको. पिसं झडण्याच्या दिवसांत, नवीन पक्षी कळपात मिसळताना, आजारातून उठलेल्या कोंबडीला, तिथं त्याची किंमत वसूल होते.

नुसतं स्वस्त प्रोटीन हवं असेल तर सोयाबीन पेंड घ्या. ४४ टक्क्यांच्या वर प्रोटीन असतं आणि बार्शीच्या बाजूला सोयाबीन पिकतं भरपूर. कच्चं सोयाबीन भरडून मात्र घालू नका, ते भाजल्या-शिजवल्याशिवाय कोंबडीला पचत नाही. शेंगदाणा पेंड आपल्याकडे सहज मिळते, पण बुरशी लागलेली, दमट वासाची असेल तर ती कोंबडीच्या लिव्हरवर जाते.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची. मीलवर्ममध्ये कॅल्शियम जवळजवळ नसतंच आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट असतो. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. खाद्य कमी करून अळ्या वाढवणाऱ्यांच्या कोंबड्या महिन्या-दीड महिन्यात पातळ कवचाची अंडी द्यायला लागतात, मग लोक मला विचारतात की ‘अळ्या बाधल्या का?’ अळ्या बाधत नाहीत, शिंपला कमी पडतो. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा, लागेल तेवढा ती स्वतः खाते. एकूण खाद्याच्या दहा टक्क्यांपुढे अळ्या जाऊ देऊ नका.

आता सोलापूरची खरी अडचण. पावसाळ्यात मोकळ्या कोंबडीला आवारात किडा-मुंगी, वाळवी, गांडूळ सगळं मिळतं. तुमच्या कोंबड्या गच्चीवर, त्यांना ते नाही. पण तेव्हा निदान हिरवा पाला तरी मिळतो. फेब्रुवारीपासून जमीन तापते, हिरवं संपतं, ऊन चढलं की कोंबडी खाणं कमी करते आणि अंडी घटतात. तेव्हा थोडक्यात जास्त पोषण देणारी अळी हवी असते. आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपल्याकडे अळी तगत नाही. मीलवर्मला मानवतं २५ ते २८ अंश. तिशीच्या पुढे अंडी कमी फुटतात, वाढ अडखळते. पस्तिशीच्या पुढे अळ्या कोंड्याच्या वर येऊन सैरावैरा फिरायला लागतात. चाळिशीच्या आसपास मरायला सुरुवात. आपला मे ४२-४३ सहज गाठतो, आणि पत्र्याखाली त्याच्याही वर जातो.

म्हणून वर्षाचं वेळापत्रक उलटं लावायचं. आषाढीच्या सुमारास पाऊस होऊन हवा निवली की सुरुवात करा. दिवाळीपर्यंत भुंगे वाढवा. डिसेंबर ते मार्च ताज्या अळ्या काढा, त्यातल्या बऱ्याच वाळवून ठेवा. उन्हाळ्यात ताज्याच्या मागे न लागता फक्त बियाणं, म्हणजे पुढच्या पैदाशीपुरत्या अळ्या, जगवा. एप्रिल-मेमध्ये कुरिअरनं अळ्या मागवायच्या भानगडीत तर पडूच नका, डबा उघडला की वास येतो फक्त.

सुरुवातीला शंभर ते दोनशे ग्रॅम अळ्या पुरेत, म्हणजे हजार-दोन हजार नग. पक्षी-मासे विकणाऱ्या दुकानांत किंवा पाळणाऱ्यांकडे मिळतात. घेताना विचारून घ्या की हे साधे मीलवर्म की सुपरवर्म. सुपरवर्म दिसायला मोठा आणि गडद, पण तो गर्दीत कोषात जात नाही, एकेकाला वेगळं ठेवावं लागतं. नवख्या माणसाला ते झेपत नाही.

भांडं गुळगुळीत प्लॅस्टिकचं किंवा स्टीलचं, पसरट, वीतभर उंचीचं. गुळगुळीत भिंतीवर ना अळी चढते ना भुंगा. झाकण घट्ट लावायचं नाही, मधला भाग कापून बारीक जाळी बसवायची. असे तीन टब: एक भुंग्यांचा, एक लहान अळ्यांचा, एक मोठ्या अळ्यांचा. कोषांसाठी जुनी परात चालते.

कोंडा पशुखाद्याच्या दुकानात गहू भुसा म्हणून पोत्यानं मिळतो, थोडा पाहिजे तर गिरणीत. इथं एक काळजी. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्यांजवळ ठेवलेलं पोतं, किंवा बोरिक पावडर चोळलेल्या गव्हाचा चाळ कधी वापरायचा नाही. दोन दिवसांत सगळा टब थंड पडतो आणि कारण कळत नाही. कोंड्यात आधीच टोके, सोंडे, बारीक कोळी-किडे असू शकतात. चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवला की ते मरतात. पोतंभर असेल तर आपलं ऊन आहेच: मे महिन्यात गच्चीवर काळ्या प्लॅस्टिकवर पातळ पसरा, दुपारभर तापवा, गार झाल्यावर घट्ट डब्यात भरा. तो पावसाळ्यात उपयोगी पडतो. नुसत्या कोंड्यावर अळ्या वाढतात. मूठभर ज्वारीचं पीठ किंवा तुरीची चुनी मिसळली तर भुंगे अंडी बरी देतात.

पाणी वाटीत ठेवायचं नाही, त्यात बुडून मरतात आणि कोंडा आंबतो. गाजराचे जाड काप द्या, गाजर लवकर बुरशी धरत नाही. बटाटा, दुधी, कोबीचा दांडा, कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग चालतो. फवारणीची भाजी नीट धुऊन, पुसून. काप सुकून चामड्यासारखा झाला की काढा. आपल्या कोरड्या हवेत तो दुसऱ्याच दिवशी सुकतो, त्यामुळे नोव्हेंबरपासून पुढे रोज थोडं द्यावं लागतं. पुण्या-मुंबईच्या लोकांचं ‘आठवड्यातून दोनदा’ आपल्याला लागू नाही. ओलावा कमी पडला की अळ्या एकमेकींना आणि कोषांना खातात. अर्धवट कुरतडलेले कोष दिसले तर आधी गाजर वाढवा.

वाढ कशी होते ते नीट बघा, त्यात मजाही आहे. अळी वाढताना अनेकदा कात टाकते. कात टाकलेली अळी काही तास दुधासारखी पांढरी असते, नवखे लोक ती आजारी समजून फेकतात. पूर्ण वाढलेली इंचभर झाली की हालचाल मंदावते, इंग्रजी सी सारखी वळून पडते आणि एक दिवस पांढुरका कोष दिसतो. त्याला पाय-तोंड काही चालवता येत नाही, हात लावला तर नुसती शेपटी वळवळते. कोष रोज किंवा एक दिवसाआड हातानं वेचून परातीत ठेवायचे. त्यावर ओलसर काही टाकायचं नाही. एक ते दोन आठवड्यांत भुंगा बाहेर येतो. आधी पांढरा, मग विटकरी, आणि आठवडाभरात काळा. काळा झाला की जोडी जमते. हे भुंगे दोन-तीन महिने जगतात, मादी त्या काळात शेकड्यांनी अंडी देते.

अंडी डोळ्यांना जवळपास दिसत नाहीत. चिकट असतात, कोंडा चिकटून धूळ वाटतात. आणि भुंगे स्वतःचीच अंडी खातात. म्हणून भुंगे एकाच टबात महिनोन्‌महिने ठेवले तर पैदास होत नाही. दर दहा-बारा दिवसांनी भुंगे चाळून नवीन कोंड्यात टाका आणि जुना कोंडा हलवू नका, फेकूही नका. एक ते दोन आठवड्यांत त्यात अंडी फुटतात, पण केसासारख्या अळ्या दिसायला आणखी पंधरा दिवस जातात. बहुतेक लोकांचा धीर इथंच सुटतो. कोंड्यावर नजर ठेवून शांत बसा. पृष्ठभाग किंचित हलताना दिसला की समजायचं. तिथून काढणीला अडीच-तीन महिने, थंडीत त्याहून जास्त. आपल्या हिवाळ्यात मरत नाहीत, फक्त संथ होतात.

तळाला रव्यासारखी बारीक पूड साठते, ती विष्ठा. मैद्याच्या चाळणीनं चाळून काढा. कुंड्यांना खत म्हणून फार छान, पण ज्या टबात अंडी असतील तो चाळू नका. चाळायचं ते बाहेर, वारा पाठीवर घेऊन आणि तोंडाला फडकं बांधून. त्या धुळीनं काही जणांना शिंका, अंगावर पित्त, दमा सुरू होतो. कोळंबीची किंवा घरातल्या धुळीची ॲलर्जी असलेल्यांनी तर हे काम दुसऱ्याकडे द्यावं.

उन्हाळ्यात बियाणं जगवायचं कसं? सगळ्यात मोठी समजूत अशी की खोलीचं तापमान म्हणजे टबाचं तापमान. तसं नसतं. हजारो अळ्या एकत्र हलतात, खातात, त्यातून उष्णता तयार होते. दाट भरलेल्या टबाच्या मध्यात हात घातला तर चक्क ऊब लागते. खोलीपेक्षा काही अंश जास्त असतं. म्हणून मार्चपासून थर दोन बोटांपेक्षा जाड ठेवू नका, एका टबाच्या अळ्या दोन टबांत पसरा. दहा-वीस रुपयांचा फरक असला तरी चांगला थर्मामीटर घ्या आणि त्याची टोकाची सुई कोंड्यात खोचा, भिंतीवर टांगू नका.

जागा म्हणाल तर खालच्या मजल्यावरची, पश्चिमेची भिंत नसलेली खोली, टब फरशीवर. गावाकडं जुनं माळवदाचं घर असेल तर त्याच्यासारखी जागा नाही. जाड भिंती आणि मातीचं छत, बाहेर ४२ असताना आत बराच गारवा असतो. शहरात कूलर हा आपला मोठा आधार. कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो आणि हवेत दमटपणाही आणतो, तो या अळ्यांना हवाच असतो, साठ-सत्तर टक्के. टब वाऱ्याच्या थेट झोतात नको, नाहीतर कोंडा ओलसर होतो. लाईट गेली तर टबाभोवती ओलं गोणपाट गुंडाळा, झाकणाची जाळी उघडी ठेवून. विटा आणि ओल्या वाळूचा शीतकक्ष भाजीसाठी फार चांगला, पण आत दमटपणा नव्वद टक्क्यांवर जातो, मीलवर्मला बुरशी लागते. तो नको.

भुंगे उन्हाळ्यात सांभाळत बसू नका, त्यांचं आयुष्य तसंही संपत आलेलं असतं. अर्ध्या वाढीच्या अळ्या ठेवा, पाचशे-हजार. त्यातल्या काही फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात, आठ-दहा अंशांवर, कोरड्या कोंड्यात, झाकणाला भोकं पाडून. तिथं त्या झोपल्यासारख्या राहतात. दहा-पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून दिवसभर गाजर खाऊ घाला. काळ्या पडलेल्या लगेच वेचा. वरचा थंड कप्पा वापरू नका, तिथं हळूहळू मरतात. आईंना फ्रीज चालणार नसेल तर भांडण करू नका, माळवद नाहीतर कूलर बघा.

मार्चमधला जादा माल वाळवायचा. अळ्या चाळून एक दिवस उपाशी ठेवा, पोट रिकामं होतं. मग उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं टाकून लगेच निथळा, आणि जाळीखाली सांडग्यांसारख्या कडक उन्हात वाळवा. बोटानं दाबल्यावर कुरकुरीत मोडली की झालं. किलोचे चारशे ग्रॅमच्या आसपास उरतात. वाळलेल्या अळीत जवळपास तीस टक्के चरबी असते, उघडी राहिली की महिन्याभरात खवट. घट्ट बरणी, फ्रीज, आणि दोन महिन्यांत संपवायची. देताना अर्धा तास पाण्यात भिजवा. उन्हाळ्यात भल्या सकाळी किंवा दिवस मावळताना द्या; दुपारी प्रोटीन पचवताना कोंबडीच्या अंगात आणखी गरमी होते.

पावसाळ्यात उलट त्रास: बुरशी आणि पांढरे कोळी-किडे. टबाच्या कडेला पिवळट पीठ पसरल्यासारखं दिसलं आणि ते हललं तर कोळी-किडे झाले. गाजर बंद, कोंडा कोरडा, अळ्या चाळून नवीन टबात. मुंग्यांसाठी मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत. पालीसाठी जाळी. इथं लक्ष्मणरेषा, खडू, स्प्रे काही वापरायचं नाही, मीलवर्म हाही किडाच.

आता आईंचा मुद्दा. त्या अगदी चुकीचं बोलत नाहीत. हा साठवलेल्या धान्य-पिठाचाच किडा आहे, आणि भुंगा निसटला तर ओलसर, दुर्लक्षित पिठात वाढू शकतो. कोरड्या, घट्ट झाकणाच्या कोठीत शिरत नाही; आपल्या घरात ज्वारीला लागतात ते टोके-सोंडे वेगळे. तरी टब स्वयंपाकघरात आणि धान्याच्या खोलीत ठेवायचेच नाहीत. चाळणी-परात वेगळी. चाळलेला कोंडा कचऱ्यात टाकण्याआधी दोन तास उन्हात तापवायचा, म्हणजे अंडी मरतात.

खुराड्यातही टब नको. भुंगे कोंबडीच्या विष्ठेत शिरले तर पट्टकृमीची अंडी त्यांच्या पोटात जातात, आणि तो भुंगा कोंबडीनं खाल्ला की जंत तिच्यात. याच कारणानं पोल्ट्रीच्या तुसात दिसणारे लहान काळे भुंगे आणि त्यांच्या अळ्या ‘फुकटचे मीलवर्म’ म्हणून उचलून आणू नका. ती जात वेगळी, त्याहून लहान, आणि साल्मोनेला, गंबोरो, मरेक्स अशा रोगांचं ओझं अंगावर वागवते.

कुणी ‘अळ्या आम्ही परत विकत घेतो’ म्हणून पाच-पन्नास हजारांचं किट देत असेल तर हात जोडा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडं कडकनाथ कोंबड्यांच्या अशाच बायबॅकमध्ये शेतकऱ्यांचे पैसे कसे बुडाले ते आपण पाहिलं आहे. बारा कोंबड्यांना तीन टब पुरतात, त्याला किट लागत नाही.

आणि पोतं हलकं करणं हाच हेतू असेल तर काळ्या सैनिक माशीकडं, ब्लॅक सोल्जर फ्लायकडं बघा. तिच्या अळ्या भाजीची देठं, फळांच्या साली, शिळं अन्न खातात, म्हणजे खुराक विकत आणायला नको. त्यांना ऊब मानवते, तिशीतही जोमानं वाढतात, आणि कॅल्शियम मीलवर्मच्या कितीतरी पट. मोठी माशी काही खात नाही, म्हणून ती घरमाशीसारखी अन्नावर बसत नाही. फक्त वास येतो, त्यामुळे ती गच्चीवर सावलीत, मीलवर्म खाली खोलीत. कोषात जायची वेळ झाली की या अळ्या काळ्या पडून आपणहून उतारावरून बाहेर चढतात. डब्याला एक तिरकी पट्टी लावून खाली भांडं ठेवलं की काढणी त्या स्वतःच करतात. पट्टी फार उभी नको, चाळीस अंशांच्या आसपास ठेवा, आणि खालच्या भांड्यात मूठभर कोरडा कोंडा घाला म्हणजे परत चढत नाहीत.